ड्रॉप घेतलेली अंडी

मेसच्या मागचं डबकं बुजवा म्हणून मागच्या वर्षी रेक्टर सरांकडे जो अर्ज गेला, त्याच्यावर १४२ सह्या होत्या. त्या सह्या रूम टू रूम फिरून मीच गोळा केल्या होत्या. डासांनी हैराण केलं होतं, विंगमधले दोघं मलेरियाने घरी गेले होते, आणि वायवाच्या आदल्या रात्री फुटबॉल हमखास त्या डबक्यातच जायचा. दिवाळीनंतर तिथे डेब्री पडली, जानेवारीत पेव्हर ब्लॉक बसले. आता तिथे बाईक्स उभ्या असतात. कॉलेजात इतक्या पटकन झालेलं हे एकमेव काम असावं.

हा लेख त्या अर्जानंतरचा आहे.

माझ्या रूममेटला माशांचं वेड. कुर्ल्याहून काय काय पिशवीतून घेऊन येतो आणि आमच्या अर्ध्या टेबलावर टाक्या मांडतो. एका रात्री सबमिशनच्या शीट्स काढता काढता तो म्हणाला, "अरे, असे मासे आहेत की जे पोस्टाने येतात."

"मेलेले?"

"अंडी रे. पाकिटात. पाणीच नसतं त्यात."

मला वाटलं फेकतोय. पण खरंच तसं आहे. किलिफिश पाळणारे शौकीन दमट पीट मॉसमध्ये, म्हणजे शेवाळाच्या भुशात, अंडी गुंडाळून एकमेकांना टपालाने पाठवतात. पाकीट आलं की कपाटात ठेवायचं, पाठवणाऱ्याने लिहिलेली तारीख उलटली की भुसा पाण्यात टाकायचा. थोड्या वेळात पिल्लं पोहायला लागतात. इन्स्टंट नूडल्सला लागतात तेवढ्या पायऱ्या!

हे मासे आफ्रिकेतले आणि दक्षिण अमेरिकेतले. पावसाची डबकी हेच त्यांचं घर. डबकं आटतं तेव्हा सगळे मासे मरतात. काही नाही, सगळेच. मागे राहतात ती फक्त चिखलातली अंडी. पुढच्या पावसात पाणी भरलं की ती फुटतात आणि पुढची पिढी सुरू होते. म्हणजे आई-बाप आणि मुलं यांची कधी गाठच पडत नाही.

यातला सगळ्यात प्रसिद्ध मासा म्हणजे नोथोब्रँकियस फर्झेरी. रिचर्ड फर्झर यांनी तो १९६८ साली गोनारेझू भागात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, पकडला म्हणून त्यांचं नाव. बोटभर लांब, नर एकदम रंगीत, मादी साधी. मोझांबिकमधल्या डबक्यांत केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की हा मासा अंड्यातून बाहेर आल्यापासून १४ दिवसांत वयात येतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतकी घाई दुसऱ्या कुणाची माहीत नाही. आपल्याला इथे १४ दिवसांत मेसचं कूपन मिळत नाही. प्रयोगशाळेत टाकीत ठेवला, पाणी आटू दिलं नाही, तरीही तो काही महिन्यांतच म्हातारा होतो. रंग उडतो, पाठ वाकते. त्यामुळे म्हातारपणावर संशोधन करणाऱ्यांचा तो लाडका झालाय. उंदरासाठी दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, इथे एका सेमिस्टरमध्ये जन्मापासून मरणापर्यंत सगळं पाहून होतं. २०१५ साली त्याचा जीनोमही वाचून झाला.

पण मला खरी गंमत वाटली ती अंड्याची. आपल्याला वाटतं, अंडं म्हणजे टायमर. लावला की ठरलेल्या वेळी वाजणार. या अंड्यात तीन थांबे असतात. पहिला थांबा अगदी सुरुवातीला, पेशी नुसत्या विखुरलेल्या असतानाच. दुसरा मधे, शरीराचा आराखडा तयार आणि हृदय धडधडायला लागलेलं असताना. तिसरा शेवटी, पिल्लू पूर्ण तयार होऊन आत वेटोळं घालून बसलेलं असताना. प्रत्येक थांब्यावर अंडं जवळजवळ बंद पडतं आणि महिनोन्‌महिने तसंच राहू शकतं. व्हेनेझुएलात याच पद्धतीने जगणारा एक किलिफिश आहे, ऑस्ट्रोफंड्युलस. त्याची दुसऱ्या थांब्यावरची अंडी ऑक्सिजन पूर्ण बंद करून ठेवली तर निम्मी मरायला सुमारे दोन महिने लागले.

आणि सगळी अंडी सगळ्या थांब्यांवर थांबत नाहीत. एकाच मादीची अंडी घेतली तरी काही मधला थांबा न घेता फास्ट लोकलसारखी सुटतात, काही प्रत्येक स्टेशन घेत येतात. ऑस्ट्रोफंड्युलसमध्ये तापमानावरही हे ठरतं. ३० अंश सेल्सिअसला जवळजवळ सगळी सुटतात, २० अंशाला सगळी थांबतात. परिणाम असा की पहिला पाऊस पडतो तेव्हा काही अंडी फुटायला तयार असतात आणि काही नसतात. आपल्या भाषेत सांगायचं तर काहींनी चक्क ड्रॉप घेतलेला असतो.

का? याचं उत्तर मुंबईत राहणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून ११ जूनला यायला हवा. २०२३ साली तो २५ जूनला आला. २०२५ साली २६ मेलाच आला, मुंबईतली नोंदलेली सगळ्यात लवकरची तारीख. दोन वर्षांत एक महिन्याचा फरक! शिवाय एकदा येऊन मग दहा-पंधरा दिवस दडी मारायची खोड आहेच. छत्री घरी ठेवून निघालेल्या माणसाचे कपडे भिजतात, पण फसव्या पावसात फुटलेलं अंडं संपतंच. डबकं चार दिवसांत वाळलं की १४ दिवसांची घाईसुद्धा उपयोगाची नाही.

आता जरा गणित. (मेकॅनिकलवाल्यांनी घाबरू नये, फक्त गुणाकार आहे.) समजा चांगल्या पावसाळ्यात फुटलेल्या प्रत्येक अंड्यामागे पुढची १० अंडी मिळतात, वाईट पावसाळ्यात शून्य. न फुटलेलं अंडं तसंच टिकतं असं धरू. चारपैकी तीन वर्षं चांगली, एक वाईट. सगळी अंडी दरवर्षी फुटली तर चार वर्षांनी काय? १० × १० × १० × ०. शून्य. ते वाईट वर्ष पहिलं आलं काय नि चौथं आलं काय, शून्यच. आता निम्मीच फुटतात असं धरा. चांगल्या वर्षी साडेपाच पट, वाईट वर्षी निम्मी, म्हणजे ५.५ × ५.५ × ५.५ × ०.५, सुमारे ८३ पट. फारच सावध राहून दहा टक्केच फोडली तर? १.९ चा घन गुणिले ०.९, जेमतेम ६ पट. आणि तीन-चतुर्थांश फोडली तर ११६ पट, जी जवळजवळ कमाल आहे. चांगल्या वर्षांचं प्रमाण तीन-चतुर्थांश, आणि फुटण्याचं प्रमाणही साधारण तेवढंच. हे असंच का येतं ते डॅन कोहेन यांनी १९६६ साली वाळवंटातल्या एकवर्षायू रोपांच्या बियांसाठी मांडलं होतं. आपण सरासरी काढताना बेरीज करतो, पण पिढ्यांचा गुणाकार होत असतो आणि गुणाकारात एक शून्य पुरतं. अंड्याला अर्थातच यातलं काही माहीत नाही. जी सगळी एकदम फुटायची त्यांचा वंशच उरला नाही, एवढंच.

इथपर्यंत ऐकून मी रूममेटला म्हटलं, आफ्रिकेचं राहू दे, आपल्याकडे आहेत का असे मासे? किलिफिश आपल्याकडेही आहेत. कोकणातल्या, मुंबईच्या बाजूच्या ओढ्यांत पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरणारा, डोक्यावर चकचकीत ठिपका असलेला छोटा मासा पाहिला असेल, तो त्यातलाच. पण तो आपली अंडी पाणवनस्पतींना चिकटवतो आणि ती दोनेक आठवड्यांत फुटतात. कोरड्या चिखलात वाट पाहायचा धंदा त्याचा नाही. पहिल्या पावसात भातखाचरात दिसतात ते मुऱ्या, शिंगटी वगैरे चढणीचे मासे. ते ओढ्यातून प्रवाहाच्या उलट चढून येतात, मातीतून उगवत नाहीत.

पण मातीतून "उगवणारं" काहीतरी मी लहानपणी पाहिलं होतं, ते तेव्हा आठवलं. सातारा जिल्ह्यात माझं आजोळ. गावाच्या वर सडा आहे, काळा उघडा कातळ. उन्हाळ्यात त्यावर अनवाणी उभं राहवत नाही. पावसाळ्यात कातळातल्या खळग्यांत पाणी साठतं आणि त्यात बोटाच्या पेराएवढे पारदर्शक जीव पाठीवर पोहत असतात. हो, उताणे! पोटाकडचे पाय एका लयीत हलत असतात, जणू वाऱ्यावर पिसं. मामा म्हणायचा, पावसाबरोबर वरून पडतात.

ते फेअरी श्रिंप. कोळंबीचे लांबचे नातेवाईक, अंगावर कवच नसलेले, पायांच्या अकरा जोड्या. पुण्यातल्या अभ्यासकांनी गेल्या काही वर्षांत सह्याद्रीतल्या अशा खळग्यांचा बराच अभ्यास केलाय. ख्रिस्तोफर रॉजर्स आणि समीर पाध्ये यांनी २०१४ साली यातल्या एका नव्या जातीचं वर्णन केलं, नाव स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस. मासा नाही, पण आयुष्य हुबेहूब किलिफिशचं. पाणी आलं की फुटायचं, दोन-तीन आठवड्यांत वयात यायचं, अंडी टाकायची, खळगं वाळलं की मरायचं. फरक अंड्यात आहे. किलिफिशचं अंडं आपलं पाणी कवचाच्या आत घट्ट धरून बसतं. फेअरी श्रिंपचं अंडं सरळ वाळून जातं. यांचा खाऱ्या पाण्यातला भाऊबंद म्हणजे आर्टेमिया. त्याची वाळकी अंडी माशांच्या पिल्लांना खाऊ म्हणून डब्यातून विकतात. असला एक डबा आमच्या टेबलावर होताच, मी तो मसाला समजायचो! या अंड्यांत ट्रेहॅलोज नावाची साखर भरलेली असते. पाणी निघून गेलं की ती पाण्याची जागा घेते आणि आतले प्रथिनांचे, पेशींच्या पडद्यांचे आकार मोडू देत नाही. अशी अंडी वर्षानुवर्षं टिकतात.

मामाला फोन केला. तो डिसेंबरमध्ये मुंबईला आला तेव्हा एका वाळलेल्या खळग्यातली दोन ओंजळी माती लोणच्याच्या बरणीत घालून घेऊन आला. "याच्यासाठी इंजिनिअरिंगला घातलंय का तुला?" एवढंच विचारलं.

जुलैत निम्मी माती प्लास्टिकच्या टबात पसरली, गच्चीवरून बादलीत धरलेलं पावसाचं पाणी ओतलं आणि टब खिडकीत ठेवला. पावसाचंच पाणी का, तर या अंड्यांना क्षार कमी असलेलं ताजं पाणी लागतं. आणि उजेड लागतो. खोल गाडलेलं अंडं ओलं झालं तरी फुटत नाही, वरच्या थरातली फुटतात. म्हणजे एका अंड्यात दोन सेन्सर आणि वर एक अँड गेट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॉर्च मारला तर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके झटके देत फिरत होते. विंगमधले सगळे बघायला आले. मोजायचा प्रयत्न केला, चाळीसच्या आसपास होते.

सहाव्या दिवशी पाणी कमी झालं म्हणून मी नळाचं पाणी ओतलं. क्लोरीन डोक्यातच आलं नाही. सकाळी एकही हलत नव्हतं. अंडी टाकण्याएवढं वय कुणाचंच झालं नव्हतं. म्हणजे मीच तो फसवा पाऊस.

टब तसाच कॉटखाली वाळत पडला. ऑगस्टच्या शेवटी सहज म्हणून परत पावसाचं पाणी ओतलं. त्याच मातीतून दोन दिवसांनी ठिपके दिसले. या वेळी नऊ. जुलैत जी फुटली नाहीत ती ही. मी बराच वेळ कॉटवर बसून राहिलो.

यांतले चार मोठे झाले, उताणे पोहले. एका मादीला अंड्यांची पिशवी दिसायला लागली. सप्टेंबरमध्ये गेले सगळे.

आता डासांचं. पेव्हर ब्लॉक बसल्यावर या पावसाळ्यात डास कमी झाले का, हे तुम्हीच सांगा. मुंबईत मलेरिया पसरवणारा मुख्य डास विहिरीत आणि न झाकलेल्या पाण्याच्या टाक्यांत वाढतो. डेंग्यूचा डास जुने टायर, कुंड्यांखालच्या बश्या, कूलरचं पाणी यांत. आपल्या गच्चीवर झाकण नसलेल्या दोन टाक्या आहेत, आणि बी विंगच्या मागे टायर. त्यासाठी अर्ज लिहिला तर सही मिळेल ना? डबक्यातही डास होते, नाही म्हणत नाही. पण त्यांना खाणारे पाणकिडे आणि चतुराची पिल्लंही तिथेच होती. काही जण म्हणाले होते की बुजवू नका, गप्पी मासे सोडा. ते टाकीसाठी ठीक आहे. पण फेअरी श्रिंपला पळता येत नाही, लपता येत नाही, अंगावर कवच नाही. ज्या पाण्यात मासा आला तिथून ते संपले. म्हणूनच ते अशी जागा धरून राहतात जिथे वर्षातून एकदा सगळं वाळतं आणि मासा टिकूच शकत नाही.

आपल्या डबक्यात ते होते का? मी तिथे फुटबॉल काढायला शंभर वेळा उतरलो, वाकून एकदाही बघितलं नाही. बेडूक होते एवढं नक्की, झोप मोडायची. असलं काही तिथल्या मातीत असेल तर ते आता डेब्री आणि पेव्हर ब्लॉकच्या खाली आहे, तिथे ओल पोचते पण उजेड नाही.

मेमध्ये मी रूम सोडतोय. बरणीतली उरलेली निम्मी माती आमच्या रूममध्ये जो ज्युनिअर येईल त्याच्यासाठी खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवलीय, झाकणावर चिठ्ठी चिकटवून: नळाचं पाणी घालू नये. सगळी एकदम वापरू नये.