गाडीची चाचणी किती वेळ घ्यावी? : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची अश्वपरीक्षेतील कीर्ती उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरलेली होती, आणि दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या चरित्रात त्या काळचे नामांकित अश्वपारखी म्हणून नानासाहेब पेशवे, ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे आणि स्वतः बाईसाहेब अशी तीन नावे आली आहेत. एका सौदागराने दोन सारखेच देखणे घोडे विक्रीस आणले असता बाईसाहेबांनी दोघांवर आळीपाळीने स्वार होऊन त्यांना मंडळावर फिरवले आणि एकाचे मोल हजार रुपये, तर दुसऱ्याचे अवघे पन्नास ठरवले. कारण दुसरा दिसावयास उमदा असला तरी छातीत दुखावलेला होता, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. ही स्वारी किती घटका चालली हे कोणी सांगत नाही. घोडा मंडळावर फिरवला, हे मात्र आवर्जून सांगितले जाते.

त्याच झाशीत आज मोटार घेऊ इच्छिणारा गृहस्थ, मग तो रेल्वेच्या कारखान्यातला असो, भेलमधला असो, की राणींच्या सासरच्या नेवाळकर घराण्याच्या अमदानीपासून येथे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घराण्यातला असो, आठ-दहा लाखांची रक्कम मोजण्यास सिद्ध होतो, रंग, व्याजाचा दर आणि सवलत यांवर चार-चार दिवस घासाघीस करतो, आणि प्रत्यक्ष गाडी मात्र शोरूमच्या फाटकातून निघून पुढच्या चौकातून वळून येईपर्यंतच हाती घेतो. या घाईच्या मुळाशी केवळ आळस नसून काही दृढमूल समजुती आहेत. त्यांची एकेक करून रुजुवात करून पाहणे हितावह ठरेल.

गैरसमज : दहा-पंधरा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह पुरेशी असते आणि त्याहून अधिक वेळ मागण्याची सोय नसते.

वस्तुस्थिती : मोटार वाहन अधिनियम १९८८ याने चाचणीची मिनिटे ठरवून दिलेली नाहीत. दहा मिनिटांचा शिरस्ता दुकानाचा आहे, आणि रविवारची गर्दी टाळून कामाच्या दिवशी सकाळी गेलेल्या ग्राहकासाठी तो बहुधा शिथिलही होतो. मुळात गाडीचे गुणदोष आपापल्या वेळेनेच प्रकट होतात. सुकाणूचा हलकेपणा, क्लचचा ताण, आरशातून दिसणारा मागचा रस्ता, या गोष्टी पहिल्या दहा मिनिटांत उमगतात. पण कमरेला आधार न देणाऱ्या आसनाचा जाच अर्ध्या तासानंतरच जाणवू लागतो, आणि मागे बसलेल्या वृद्ध माणसाचे गुडघे अवघडतात की नाही, किंवा लहान मुलाला मळमळते की नाही, हे त्यांना बरोबर नेऊन थोडे दूर गेल्यावाचून कळत नाही. वातानुकूलनाचेही तसेच. शोरूमच्या सावलीतून निघालेली गाडी पाच मिनिटांत गार होते यात तिचे कौतुक काही नाही. जेथे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेथे गाडी अर्धा तास उन्हात उभी करावी, सर्व आसनांवर माणसे बसवावी, मग वातानुकूलन सुरू करावे आणि मागच्या आसनावर गारवा किती मिनिटांनी पोचला हे घड्याळ लावून पाहावे. एवढे सर्व एका फेरीत साधत नाही. म्हणून नव्या गाडीसाठी एकूण तासाभराचा वेळ, दिवसाची एक आणि अंधार पडल्यावरची एक अशा दोन फेऱ्यांत विभागून घ्यावा, हा मध्यम मार्ग होय.

गैरसमज : गाडी एका रस्त्यावर नीट चालली की सर्वत्र नीट चालेल.

वस्तुस्थिती : चाचणीच्या वेळेपेक्षा चाचणीची वाट अधिक निर्णायक असते, आणि विक्रेत्याने निवडलेली वाट स्वाभाविकपणेच सपाट, रुंद आणि मोकळी असते. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळच्या अखेरच्या रणसंग्रामात राणींना शिंद्यांच्या पागेतील नव्या घोड्यावर स्वार व्हावे लागले आणि तो एका लहानशा नाल्यापाशी अडून बसला, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. आणीबाणीत परीक्षेला अवसर नसतो. खरेदीत तो असतो, आणि तो न घेणे हा मात्र आपलाच दोष होय.

या कामी झाशीची जागा मोठी सोयीची आहे. ग्वाल्हेरहून ललितपूर-सागरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि शिवपुरीहून कानपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग २७ येथे एकत्र येतात, आणि या दोन हमरस्त्यांच्या मधोमध जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्या आहेत. प्रथम माणिक चौकाच्या बाजूला गर्दीच्या वेळी शिरावे. ई-रिक्षा, हातगाड्या आणि मध्येच उभी राहिलेली गाय यांच्यामधून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना क्लच किती दमवतो, गाडी धक्के खाते काय आणि वळणाला किती जागा लागते हे तेथेच कळते. मग सीपरी बाजाराकडील रेल्वेपुलाच्या चढावर, पुढे भरलेला टेम्पो थांबला असता, गाडी मागे न घसरता पुन्हा निघते की नाही हे पाहावे, आणि हा प्रयोग एकट्याने न करता घरची माणसे आणि थोडे सामान बरोबर घेऊनच करावा; कारण लहान इंजिनाची गाडी चालकाला एकट्याला जितकी चपळ वाटते तितकी ती पाच जणांसह राहत नाही, आणि भाराने खाली बसलेला तिचा तळ गतिरोधकाला घासतो काय हेही तेव्हाच समजते. त्यानंतर महामार्गावर ताशी ८० किलोमीटरपर्यंत जावे, काचा बंद करून वाऱ्याचा व टायरचा आवाज ऐकावा, आणि मागे कोणी नाही याची खातरजमा करून दृढपणे ब्रेक लावून पाहावा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट न होता सुमारे चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम असल्यामुळे ताशी ४० वर सुरेख थांबणाऱ्या गाडीवरून ८० चा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. अखेरीस रात्रीच्या फेरीत ओरछ्याच्या वाटेवर दिव्यांचा झोत किती दूर व किती रुंद पडतो हे तपासावे. शोरूमच्या झगमगाटात दिव्यांची परीक्षा होत नाही.

गैरसमज : चाचणीत पडद्यावर दिसणारा मायलेजचा आकडा हाच खरा.

वस्तुस्थिती : तो आकडा बहुधा आपल्या आधी ज्यांनी ती गाडी पिटाळली त्यांच्या चालवण्याची सरासरी असते, आणि तो शून्यावर आणून घेतला तरी दहा-वीस किलोमीटरांवरून काही ठरत नाही. जाहिरातीतील आकड्याचे स्वरूप वेगळे आहे. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, या संस्थेच्या नावाने तो ओळखला जातो. त्यासाठी गाडी प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर, वातानुकूलन बंद ठेवून, ११८० सेकंदांच्या ठरीव चक्रात चालवली जाते आणि त्या चक्रातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. निरनिराळ्या गाड्यांची एकाच मापाने तुलना करण्यास हा आकडा उपयुक्त आहे. आपल्या महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब मात्र त्यावर मांडू नये. त्यासाठी तेच मॉडेल, तेच इंजिन आणि तोच गिअरबॉक्स वर्षभर वापरणाऱ्या गावातील दोन मालकांना, टाकी काठोकाठ भरून काढलेला हिशेब विचारावा.

गैरसमज : दार जड आवाजाने लागले, पत्रा बोटाने दबला नाही, म्हणजे गाडी मजबूत.

वस्तुस्थिती : अपघातातील सुरक्षितता बाहेरच्या पत्र्यात नसून आतल्या सांगाड्यात, पट्ट्यांत आणि हवेच्या उशांत असते, किंबहुना गाडीचा पुढचा भाग आघात सोसून चुरगळावा अशीच त्याची रचना केलेली असते. ही परीक्षा कोणत्याही चाचणी-फेरीत होणे नाही. भारत एनसीएपी ही देशी मूल्यमापन योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली असून तीत ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून आदळवण्याची चाचणी होते आणि निकाल ताऱ्यांत जाहीर केला जातो. आपल्या मॉडेलचा निकाल प्रसिद्ध झाला आहे काय, एवढे पाहण्यास पाच मिनिटे लागतात, आणि ती दारे आपटण्यात घालवलेल्या अर्ध्या तासापेक्षा सार्थकी लागतात.

गैरसमज : चाचणीची गाडी आणि आपल्याला मिळणारी गाडी एकच.

वस्तुस्थिती : शोरूमची गाडी पुष्कळदा सर्वांत वरच्या प्रकारातली असते, तिचे टायर रुंद, आसने निराळी आणि कधी कधी गिअरबॉक्सही निराळा असतो. आपण जो प्रकार घेणार तोच चालवून पाहण्याचा आग्रह धरावा, आणि तो उपलब्ध नसेल तर कोणत्या बाबी बदलतील याचा तपशील लेखी घ्यावा. स्वतःची गाडी आली की नोंदणीपूर्वीच ती दिवसाउजेडी तपासावी. चासीवरील सतरा अक्षरांकांचा क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहावा, आणि विक्रेत्याच्या नमुना २१ या विक्री-दाखल्यात लिहिलेला उत्पादनाचा महिना व साल वाचावे. टायरच्या कडेवर चार अंकी संख्या असते, तिचे पहिले दोन अंक वर्षातील आठवडा व पुढील दोन साल दर्शवतात. नवी म्हणून दिलेली गाडी गोदामात किती दिवस पडून होती याचा काहीसा सुगावा त्यावरूनही लागतो.

गैरसमज : जुन्या गाडीचे इंजिन मऊ वाजले की काम झाले.

वस्तुस्थिती : जुन्या गाडीची परीक्षा नवीपेक्षा दुप्पट काळजीने व्हावयास हवी, आणि तिचा आरंभ थंड इंजिनापासून व्हावा. विक्रेत्याने आपण पोचण्यापूर्वीच गाडी तापवून ठेवली असेल तर बॉनेटवर हात ठेवताच कळते. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यावे. थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर सुटला तर ऑइल जळत आहे, पांढरा धूर बराच वेळ थांबला नाही तर कूलंट आत झिरपत असण्याचा संभव आहे, आणि काळा धूर इंधन पुरते न जळल्याचे लक्षण आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा; तळाशी चिखलाचा डाग असेल तर गाडी पुराच्या पाण्यात उभी होती असा संशय घ्यावा. बॉनेटच्या बिजागरीवरील बोल्टचा रंग पान्याने खरवडलेला दिसला, किंवा एका काचेच्या कोपऱ्यातील खूण इतरांशी जुळली नाही, तर त्या भागाची दुरुस्ती का झाली हे विचारावे. मग ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन तासभर गाडी फिरवावी. हा मिस्त्री विक्रेत्याच्या ओळखीचा नसावा.

झाशीत कागदपत्रांचा प्रश्नही याच परीक्षेचा भाग ठरतो, कारण दतिया आणि ओरछा ही पलीकडच्या राज्यातील गावे येथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे यूपी ९३ च्या बाजारात एमपी ०७ आणि एमपी ३२ च्या गाड्या सर्रास येतात. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ अन्वये नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचा नमुना २८ मधील ना-हरकत दाखला लागतो. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३०, आणि गाडी कर्जाऊ घेतलेली असल्यास बोजा उतरल्याचा नमुना ३५, हे दस्तऐवज हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. चाचणीत निर्दोष ठरलेली गाडी कागदांवाचून दारात उभी राहिल्याची उदाहरणे सीमेवरच्या गावांना नवी नाहीत.

गैरसमज : चाचणीत काही झाले तर शोरूम पाहून घेईल.

वस्तुस्थिती : चालकाकडे वैध परवाना हवाच, मग गाडी कोणाचीही असो. तिसऱ्या पक्षाचा विमा कलम १४६ अन्वये अनिवार्य आहे. परंतु चाचणीपूर्वी पुढे केल्या जाणाऱ्या कागदावर नुकसानीचा भार ग्राहकाने सोसावा असे कलम असू शकते, आणि तो कागद न वाचता सही करणारेच बहुसंख्य. सही करण्यापूर्वी तो वाचावा आणि विमा चालू आहे की नाही हे विचारावे.

गैरसमज : पसंत पडली नाही तर आठवडाभरात परत करता येते.

वस्तुस्थिती : नव्या गाडीच्या बाबतीत असा हक्क आपल्या कायद्याने दिलेला नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ दोषावर दाद देतो, नापसंतीवर नव्हे. गाडी सदोष निघाल्यास दोन वर्षांच्या मुदतीत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नेता येते, पण आसन कमरेला टोचते किंवा चढावर गाडी दमते ही तक्रार तेथे टिकत नाही, कारण ती खरेदीपूर्वी पाहून घेण्याची गोष्ट होती असेच कोणीही म्हणेल. आपल्या नावावर नोंदणी झाल्याच्या दिवसापासून गाडी बाजाराच्या हिशेबी जुनी होते आणि तिची किंमत उतरू लागते. तेव्हा वाचकांनी तासाभराचा वेळ, आपली वाट आणि आपली माणसे यांची मागणी निःसंकोचपणे करावी, आणि ती मान्य होऊन चाचणी पुरी होईपर्यंत विसार देऊ नये.