बीज सोडले, पुढे काय? हदगावच्या पाण्यातली सत्तर वर्षे

मराठवाड्यातल्या तलावांच्या मासेमारीचा हिशेब बहुधा एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: यंदा मत्स्यबीज किती सोडले? सत्तर वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नसता.

मराठवाड्यातल्याच हदगाव तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा, पलीकडे उमरखेड आणि तालुक्यातून येऊन पैनगंगेला मिळणारी कयाधू. पहिल्या पुरात मासा चढणीला लागायचा, उथळ पाण्यात अंडी घालायचा आणि उन्हाळ्यात डोहात तग धरून राहायचा. मरळ असो की वाम, बीज नदीच पुरवायची. जपायच्या गोष्टी दोनच: चढणीचा मासा आणि आटत आलेला डोह. डोहात सुरुंग लावला किंवा विष कालवले की पुढच्या साली धरायला काही उरत नसे. ब्रिटिश हिंदुस्थानात या दोन्हींना १८९७ च्या मत्स्य कायद्याने बंदी होती. हदगाव मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होते, म्हणजे त्या कायद्याबाहेर.

मग पाणी अडू लागले. १९७२ च्या दुष्काळात रोजगारासाठी जागोजागी पाझर तलाव खोदले गेले आणि ऐंशीच्या दशकात पैनगंगेवर इसापूरचे धरण उभे राहिले. शेतीला पाणी मिळाले, पण नदीचे पूर ओसरले आणि माशांची वाट तुटली. नव्या तलावांत मासा आणायचा कुठून? कटला, रोहू, मृगळ हे मासे तलावात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत; त्यांना वाहते पाणी लागते. त्यावरचा उपाय ओडिशात सापडला होता. १० जुलै १९५७ रोजी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन माशांचे प्रजनन घडवून आणले. या शोधामुळेच तलाव ही मासे वाढवायची जागा झाली, आणि बीज दरसाल विकत आणणे भाग पडले.

मग मासा काढायचा किती? समुद्रासाठी १९५४ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ शेफर यांनी एक गणित मांडले होते: साठा न घटवता दरवर्षी जास्तीत जास्त किती मासा काढता येईल? साठ्याचा अंदाजच चुकला तर काय होते, हे कॅनडाच्या न्यूफाउंडलंडने दाखवले. तिथली कॉडची मासेमारी १९९२ मध्ये बंद करावी लागली. तलावात हे गणित तसेच लागू पडत नाही, कारण साठा दरवर्षी हातानेच भरायचा असतो. इथे खरी मेख बीजाच्या आकारात आहे. जिऱ्याएवढे मत्स्यजिरे मोठ्या जलाशयात सोडले, तर ते मरळीसारख्या शिकारी माशांच्या पोटात जाते. ८० ते १०० मिलिमीटरची बोटुकली तग धरते. ती महाग पडते, म्हणून कागदावर संख्या मोठी दिसावी यासाठी लहान बीजच सोडण्याचा मोह होतो.

दुसरी मेख ठेक्याची. तलाव पाच वर्षांसाठी ठेक्याने दिला जातो. शेवटच्या वर्षी बारीक आसाचे (छिद्रांचे) तंगूस जाळे लावून अर्धा किलोचाही रोहू काढला, तर नुकसान पुढच्या ठेकेदाराचे. सामाईक साधने कशी टिकतात, याचा अभ्यास राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या पुस्तकात मांडला. वापरणाऱ्यांनाच नियम करण्याचा आणि ते पाळले जातात की नाही हे पाहण्याचा हक्क असावा, हे त्यांचे म्हणणे तलाव ठेक्याने घेणाऱ्या भोई समाजाच्या सहकारी संस्थांना नेमके लागू पडते. पण हक्काची मुदत छोटी, तर काळजीही तेवढीच.

तिसरी अडचण पाण्याची. पाणी सोडण्याचा निर्णय पाटबंधारे खाते घेते आणि त्यात मासा शेवटच्या रांगेत असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या काळात माशासाठी पाणी राखा म्हणणेही कठीण होते.

अलीकडे योजना वाढल्या. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली आणि २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. समुद्रातल्या ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकारही २०२३ मध्ये ठरला. तलावातल्या रोहू-कटल्याला मात्र त्या यादीत जागा नाही. आता हदगावच्या तलावांच्या नोंदवहीत सोडलेल्या बीजाच्या संख्येशेजारी आणखी तीन रकाने हवेत: बोटुकलीचा आकार, काढलेल्या माशाचे सरासरी वजन आणि मे महिन्यात उरलेले पाणी. ठेक्याचे नूतनीकरण या तिन्हींवर ठरले, तर शेवटच्या वर्षीही तलाव जपण्यात ठेकेदाराचाच फायदा राहील.