'पुट अप विथ' : एक सोशिक क्रियापद

इंग्रजीतील लांबलचक शब्दांनी आपल्याकडचा विद्यार्थी सहसा अडत नाही. कोश उघडला की अर्थ मिळतो, तो पाठ केला की काम भागते. खरी पंचाईत होते ती 'पुट', 'गेट', 'टेक' यांसारख्या एवढ्याशा क्रियापदांना 'अप', 'ऑफ', 'विथ' अशी शेपटे जोडली जातात तेव्हा. ही अडचण आजची नाही. डॉ. जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच म्हणून ठेवले आहे की, परकीयांना सर्वांत अधिक त्रास याच प्रकारच्या जोडणीचा होतो. पुढे लोगन पीअर्सल स्मिथ यांनी १९२५ साली 'वर्ड्‌स अँड इडियम्स' या पुस्तकात तिला 'फ्रेजल व्हर्ब' म्हटले व ते नाव रूढ झाले.

खरे पाहता मराठी माणसाने या प्रकाराला बिचकण्याचे कारण नाही. 'खपवून घेणे' हे आपले क्रियापद घ्या. 'खपणे' आणि 'घेणे' यांची बेरीज करून 'सहन करणे' हा अर्थ निघत नाही. तरीही 'असले वागणे मी खपवून घेणार नाही' हे वाक्य शाळकरी पोरालाही बिनचूक कळते. 'पुट अप विथ' हे इंग्रजांचे 'खपवून घेणे' किंवा 'चालवून घेणे' आहे. त्याचे तुकडे न करता ते सबंध उचलावे.

शेक्सपिअरच्या काळी या अर्थाने नुसते 'पुट अप' चालत असे. 'ऑथेल्लो'मधील रॉडेरिगो आपल्याला झालेला त्रास यापुढे मुकाट्याने सोसायचा नाही असे म्हणतो, तेव्हा तो 'विथ'शिवायच हे क्रियापद वापरतो. त्याच काळात तलवार म्यान करण्यालाही 'पुट अप' म्हणत. तलवार म्यानात घातली आणि अपमान गिळला, असे चित्र डोळ्यांपुढे ठेवले तर हा अर्थ विसरायला होणार नाही.

आता समानार्थी शब्दांकडे वळू. कोशात 'टॉलरेट', 'बेअर', 'स्टँड', 'एन्ड्युअर', 'सफर' असे शब्द एका ओळीत मांडलेले असतात आणि ते एकमेकांच्या जागी खुशाल वापरावेत असा आपला समज होतो. पण या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

'टॉलरेट' हा लॅटिन कुळातील, पोशाखी शब्द. कायद्यात, निबंधात, सूचनाफलकावर तो शोभतो. त्यात पुष्कळदा वरच्याने खालच्याला दिलेली मुभा असते. इंग्लंडमध्ये १६८९ साली 'टॉलरेशन ॲक्ट' झाला, तो अधिकृत चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंटांना उपासनेची परवानगी देण्यासाठी. समान हक्क देण्यासाठी नव्हे. 'एन्ड्युअर'च्या मुळाशी 'कठीण' असा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे. दुष्काळ, तुरुंगवास, दीर्घ आजार यांपुढे माणूस टिकून राहतो, तेथे हा शब्द योग्य. शेजाऱ्याच्या रेडिओला 'एन्ड्युअर' लावले तर हसू येईल. 'सफर'मध्ये दुःख भोगणे आले. १६११ च्या बायबल-भाषांतरात मात्र तो 'करू देणे' या अर्थानेही येतो. 'बेअर' म्हणजे मूळचे वाहणे. संस्कृतातील 'भृ' धातू आणि आपला 'भार' हे याच्याच कुळातले. 'आय कान्ट बेअर टू सी इट' याला मराठीत 'मला ते बघवत नाही' यापेक्षा चांगले उत्तर नाही. 'स्टँड' या अर्थाने बहुधा नकारातच येते : 'आय कान्ट स्टँड हिम', म्हणजे 'तो माझ्या डोळ्यांसमोर नको'.

'पुट अप विथ' या सर्वांहून घरगुती आहे. गळके छप्पर, खाणावळीतील पातळ आमटी, खोलीतील सोबत्याचे घोरणे, साहेबाचा तिरसट स्वभाव ही त्याची हक्काची क्षेत्रे. कुरकूर मनात असते, पण व्यवहार मोडायचा नसतो. म्हणून 'शी पुट्स अप विथ अ लॉट' या साध्या वाक्यात त्या बाईंविषयी कणव येते आणि तिला सोसायला लावणाऱ्यावर ठपकाही येतो. आपल्याकडे 'ती बिचारी सगळे चालवून घेते' म्हणताना हेच होते.

वापराचे नियम थोडे आहेत. हे तीन शब्द फोडायचे नाहीत. कर्म 'विथ'नंतरच येते. भूतकाळातही 'पुट'चे रूप बदलत नाही. वाक्याच्या शेवटी 'विथ' आले तरी बिघडत नाही. शब्दयोगी अव्ययाने वाक्य संपवू नये असा जुन्या पंतोजींचा दंडक होता. तो येथे पाळला तर 'अप विथ व्हिच आय विल नॉट पुट' असले विचित्र वाक्य तयार होते. हा विनोद चर्चिल यांच्या नावावर सांगितला जातो. तो त्यांचाच असल्याचा पुरावा नाही, पण विनोद मार्मिक आहे.

एका खड्ड्यापासून मात्र आपण खास जपले पाहिजे. 'पुट अप' म्हणजे मुक्काम करणे असाही अर्थ आहे, आणि भारतीय इंग्रजीत 'व्हेअर आर यू पुटिंग अप?' हा प्रश्न सर्रास ऐकू येतो. इंग्रजांच्या लेखी तो काही रात्रींचा मुक्काम; आपण मात्र वर्षानुवर्षांच्या बिऱ्हाडालाही तेच क्रियापद लावतो. तेही एक वेळ चालेल. पण शिक्षणासाठी पुण्यात काकांकडे राहणाऱ्या मुलाने मुलाखतीत 'आय ॲम पुटिंग अप विथ माय अंकल' असे सांगितले, तर ऐकणारा इंग्रज समजेल की हा बिचारा आपल्या काकांना कसेबसे सहन करतो आहे! काकांनी जेवूखाऊ घालून वर हे ऐकावे? अशा वेळी सरळ 'स्टेइंग विथ' म्हणावे.

तात्पर्य, समानार्थी शब्दांची यादी पाठ करणे ही अभ्यासाची पहिली पायरी झाली. कोण सोसतो आहे, काय सोसतो आहे, आणि ते नाकारण्याची ताकद त्याच्यात आहे की नाही, हे तीन प्रश्न विचारले म्हणजे योग्य शब्द हाती लागतो. ही पारख आपल्याला मुळीच नवी नाही. सासुरवास 'सोसला' जातो, उन्हाळा 'काढला' जातो, अपमान 'गिळला' जातो आणि धाकट्याचा हट्ट 'चालवून घेतला' जातो, हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. मराठी बोलताना जो कान आपण सहज वापरतो, तोच इंग्रजी वाचताना उघडा ठेवला, तर हे शेपटीवाले शब्द आपल्याला फार दिवस छळणार नाहीत.