वसंतातील रानवाटा : आनंद आणि दक्षता

फाल्गुन सरत आला की सह्याद्रीच्या पायथ्याचे रान वर्षभरात कधी नसते इतके मोकळे दिसू लागते. ऐन, किंदळ, नाणा या वृक्षांची पाने गळून गेलेली असतात. पावसाळ्यात दहा हातांपलीकडचे दिसू न देणारे रान आता दूरवर नजरेस पडते. पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेली असतात, कुसुंबाला तांबडी पालवी फुटलेली असते, आणि ओढ्याकाठच्या सदाहरित झाडीतून सुरंगीचा सुगंध येतो. रानात पायी हिंडण्याची हौस असणाऱ्यांस या दिवसांसारखे दिवस नाहीत. अलीकडे या वाटांवर केवळ चालणारेच नव्हे, तर व्यायाम म्हणून धावणारे तरुण-तरुणीही दिसू लागले आहेत.

परंतु ज्या कारणांमुळे हे दिवस रानवाटांना अनुकूल ठरतात, त्याच कारणांमुळे रान या दिवसांत सर्वांत दुबळेही असते. गळालेली पाने वाळून जमिनीवर पसरलेली असतात, पाणवठे आटत चाललेले असतात आणि पालापाचोळ्यात गोचिडांची पिल्ले वावरत असतात. म्हणून वसंतात रानात जाणाऱ्याने स्वतःची काळजी घ्यावी हे तर खरेच. पण त्याने रानाचा पहारेकरीही व्हावे, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

वाटा कोणाच्या?

गोव्याच्या पूर्व सीमेलगत उत्तरेकडून दक्षिणेकडे संरक्षित वनांची जवळजवळ अखंड साखळी आहे. सत्तरीत म्हादई, धारबांदोड्यात भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान, सांग्यात नेत्रावळी आणि काणकोणात खोतीगाव. यांपैकी म्हादई (सुमारे २०८ चौरस किलोमीटर) व नेत्रावळी (सुमारे २११ चौरस किलोमीटर) ही अभयारण्ये १९९९ साली घोषित झाली. चोर्ला घाटापलीकडे बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. त्याच तालुक्यात म्हादई नदीचा उगम आहे.

या रानांतील वाटा पर्यटकांसाठी पाडलेल्या नाहीत. एके काळी किनाऱ्यावरचे मीठ बैलांच्या पाठीवर लादून लमाणांचे तांडे अशाच वाटांनी घाट चढत असत. आजही काजू वेचणारे, गुरे राखणारे व देवराईत पूजेस जाणारे ग्रामस्थ त्या वापरतात. तेव्हा वाटेवर जाण्यापूर्वी गावात विचारणे हा शिष्टाचार तर आहेच, पण ते शहाणपणाचेही आहे. कोणता पाणवठा आटला, गव्यांचा कळप कोठे उतरतो, कोणत्या देवराईत कोणते नियम पाळावयाचे, हे गावकऱ्यांइतके नेमके कोणीही सांगू शकत नाही.

अभयारण्यात प्रवेश करण्यासाठी परवानगी आवश्यक असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम २७ अन्वये प्रवेशावर निर्बंध आहेत. अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन इत्यादी कारणांसाठी कलम २८ अन्वये परवाना देण्यात येतो. परिक्षेत्र वन कार्यालयात आपले नाव, वाट व परतण्याची वेळ यांची नोंद असली, तर संकटाच्या वेळी शोध घेणे सुलभ होते.

वेळ, पाणी आणि आहार

मार्चअखेरीस आपल्याकडे साडेसहाच्या सुमारास सूर्योदय होतो. उजाडताच निघावे आणि ऊन तापण्यापूर्वी, म्हणजे दहाच्या आत, परत यावे. कोकणपट्टीत पारा देशावरच्याइतका चढत नाही, म्हणून ऊन सौम्य आहे असे समजणे ही मोठी चूक होय. शरीर थंड राहते ते घाम वाळल्याने. हवेत ओलावा अधिक असला की घाम अंगावरून ओघळतो, पण वाळत नाही, आणि शरीरातील उष्णता आतच साचत राहते. उन्हात श्रम करण्याची सवय होण्यास शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीचे काही दिवस अंतर कमी ठेवावे.

तासाला सुमारे अर्धा लिटर पाणी थोडे थोडे करून प्यावे. घामावाटे मीठही जात असल्याने दीर्घ श्रमात नुसते पाणी पुरत नाही. शेतात राबणारे आपले वडीलधारे सकाळी मीठ घातलेली पेज लोणच्याबरोबर घेत, त्यामागे हेच अनुभवाचे शास्त्र होते. पेज, मीठ-साखर घातलेले कोकम सरबत किंवा नाचणीची आंबील यांहून वेगळे महागडे पेय घेण्याची गरज नाही. सोबत्याला भोवळ येऊ लागली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचे अंग तापून कोरडे पडले, तर उष्माघाताची शंका घ्यावी. त्याला सावलीत निजवावे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

चालावे कसे, धावावे कसे?

वाळलेला पाचोळा आणि जांभ्याची खडी हे वसंतातील वाटेचे दोन दोष. पाचोळ्याखाली दगड, मुळे व खड्डे झाकले जातात. खडी पायाखालून निसटते. म्हणून धावणाऱ्याने पावले आखूड टाकावीत आणि दृष्टी आठ-दहा फूट पुढे ठेवावी. दमछाक चढणीवर होत असली, तरी दुखापती बहुधा उतरणीवर होतात. उतरताना मांडीच्या स्नायूंना ताणलेल्या स्थितीत शरीराचा भार आवरावा लागतो. ते थकले की गुडघा व घोटा सांभाळले जात नाहीत. नव्या वाटेवर पहिल्या खेपेस चालतच जावे. वाट परिचित झाल्यावर, तीही दोघा-तिघांच्या सोबतीने, धावावी. कानात गाणी लावून रानात धावू नये.

धावणारा वेगाने येतो आणि जनावराला सावध होण्यास अवधी मिळत नाही. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. तो स्वभावाने बुजरा आहे, पण अचानक समोर माणूस आला तर तो हल्ला करू शकतो. पहाटे व सायंकाळी गवे चरावयास बाहेर पडतात. म्हणून दाट झाडीत व आंधळ्या वळणावर धावणे थांबवून साध्या आवाजात बोलत चालावे. गवा दिसल्यास जागीच थांबावे, नंतर त्याच्याकडे लक्ष ठेवून हळूहळू मागे सरावे. गाय व वासरू यांच्या मध्ये कधीही जाऊ नये.

मात्र बोलणे म्हणजे ओरडणे नव्हे. हा धनेश पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे. मादी झाडाच्या ढोलीत शिरून तिचे तोंड लिंपून घेते आणि कित्येक आठवडे आत राहते. केवळ एका फटीतून नर तिला व पिलांना फळे भरवितो. ढोलीच्या झाडाखाली माणसांनी गलका केला की नर जवळ येण्यास कचरतो, आणि आतल्यांची उपासमार होते. पाणवठ्यांचेही असेच आहे. आटत चाललेल्या कोंडीत साबण लावून आंघोळ करणे किंवा काठावर तासन्‌तास बसून राहणे म्हणजे तहानलेल्या जनावरांची वाट अडविणे होय.

सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये व दोरीने आवळून बांधू नये. तो अवयव न हलविता रुग्णास शक्य तितक्या लवकर रुग्णालयात पोहोचवावे.

गोचीड आणि माकडताप

वसंतातील रानाचा एक धोका डोळ्यांना सहसा दिसत नाही. १९५७ साली आजच्या कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली व जवळपासच्या गावांत तापाची साथ पसरली. तपासाअंती हा विषाणूजन्य रोग असून तो गोचिडांमार्फत पसरतो असे सिद्ध झाले. हाच माकडताप. २०१५ साली तो सत्तरी तालुक्यातील पाली गावात आढळला आणि पुढच्याच वर्षी सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात. रानात काजू वेचणाऱ्यांना त्याची विशेष झळ पोहोचली.

हा ताप साधारणतः डिसेंबर ते मे याच काळात का येतो, हे समजून घेण्यासारखे आहे. पूर्ण वाढलेले गोचीड पावसाळ्यात अधिक आढळतात. त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांची मधली अवस्था हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पाचोळ्यात वावरते, आणि माणसाला चावते ती मुख्यतः हीच अवस्था. तिचा आकार तिळाएवढा असल्याने ती अंगावर चढल्याचे कळत नाही. चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप येतो, डोके व अंग असह्य दुखते, काहींना रक्तस्राव होतो. शंभर रुग्णांपैकी तीन ते पाच दगावतात. या रोगावर नेमके औषध नाही. मात्र वेळीच रुग्णालयात दाखल झाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याचे काहीच कारण नाही.

प्रतिबंध सोपा आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा व लांब विजार घालावी आणि विजारीची टोके मोज्यांत खोचावीत. उघड्या अंगाला गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे. पाचोळ्यावर बसू अथवा निजू नये. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबण लावून गरम पाण्याने स्नान करावे आणि काखा, जांघा व कानांमागची जागा तपासावी. गोचीड चिकटलेला आढळल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावा. त्यावर रॉकेल ओतू नये वा काडी लावू नये. पुढे ताप आल्यास आपण रानात गेलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

वाटेत मेलेले माकड दिसल्यास त्याला स्पर्श करू नये. माकड मरताच त्याच्या अंगावरील गोचीड खाली उतरतात, आणि ती जागा काही काळ अतिशय धोक्याची बनते. ती जागा नीट लक्षात ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रास किंवा वन कार्यालयास तत्काळ कळवावे. मग तेथे गोचीडनाशक भुकटी टाकता येते व भोवतालच्या गावांना सावध करता येते. मेलेले माकड ही अनेकदा येऊ घातलेल्या साथीची पहिली खूण असते.

वणवा

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या वनांत अनेक ठिकाणी आगी लागल्या. त्या विझविण्यासाठी नौदल व हवाई दल यांच्या हेलिकॉप्टरांतून पाणी टाकावे लागले. त्या वर्षीचा फेब्रुवारी महिना कमाल तापमानाच्या सरासरीने देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला होता. परंतु नुसत्या उष्णतेने आमच्या रानाला आग लागत नाही; ठिणगी बहुधा माणसाच्या हातून पडते. फेकलेली विडी, न विझविलेली चूल, काजूच्या बागेत पाला जाळताना हाताबाहेर गेलेला जाळ, अशी तिची साधी कारणे असतात. अभयारण्यात धोकादायक रीतीने विस्तव पेटविणे वा पेटता सोडणे कलम ३० अन्वये निषिद्ध आहे. म्हणून वाटेवर विडी-काडी नेऊच नये आणि न्याहारी घरूनच बांधून न्यावी.

धूर दिसल्यास गावाचे नाव, जवळची ओळखीची खूण, वेळ आणि वाऱ्याची दिशा वन कार्यालयास अथवा १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावी. दुर्गम भागात संपर्क मिळत नसेल, तर जवळच्या वाड्यावर जाऊन सांगावे. पहिल्या तासात पाच-दहा माणसे हिरव्या डहाळ्यांनी विझवू शकतात ती आग सायंकाळपर्यंत शेकडोंनाही आवरत नाही. मात्र अनुभव नसताना एकट्याने विझविण्यास धावू नये. आग चढणीवर झपाट्याने पसरते, कारण ज्वाळा वरच्या पाचोळ्याला आधीच तापवून ठेवतात. तेव्हा आगीपासून वाचण्यासाठी डोंगर चढू नये, अरुंद घळीतही शिरू नये. बाजूने उतरून उघडा कातळ, रुंद नदीपात्र किंवा जाळरेषा गाठावी.

शिक्षकांना विनंती

शाळेजवळील एकच सुरक्षित वाट निवडून दर आठवड्यास मुलांना तेथे न्यावे आणि एक नोंदवही ठेवावी. पळसाला पहिले फूल कोणत्या तारखेस आले, कुसुंबाची पालवी केव्हा फुटली, ओढ्याचे पाणी कोठवर होते, तांबटाचा आवाज केव्हा ऐकू आला, एवढेच लिहावे. एका वर्षाच्या नोंदींतून फारसे कळणार नाही. पण दहा वर्षांच्या नोंदी जमल्या की बदलत्या हवामानाचा आपल्या गावावर काय परिणाम होत आहे, हे गावापाशीच लिहिलेले असेल. त्याच वहीत धूर आणि मेलेले माकड यांसाठी दोन रकाने आखावेत. ते रकाने वर्षानुवर्षे रिकामे राहोत. मात्र ते भरण्याची वेळ आलीच, तर त्याच दिवशी ती बातमी वन कार्यालयापर्यंत व आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचली पाहिजे.