शेततळ्यातील मासा व नदीतील मासा

धाराशिव जिल्ह्यातून बालाघाटाची रांग जाते. तिच्या एका अंगाचे पाणी तेरणा व मांजरा या नद्यांतून गोदावरीस मिळते. दुसऱ्या अंगाचे सीना व बोरी यांच्या वाटे भीमेत उतरते. म्हणून तेरणेतील व सीनेतील मासे एकाच जातीचे असले तरी आपसांत वीण करू शकत नाहीत. तळ्यांत सोडले जाणारे कटला, रोहू व मृगल तर मूळचे उत्तरेकडील नद्यांचे; त्यांस येथे माणसाने आणले.

दोन जातींचा संकर न होण्याची कारणे काही शरीराच्या आत असतात, काही बाहेर. कटला, रोहू व मृगल यांच्या पेशींत 50 गुणसूत्रे असतात, सायप्रिनसच्या पेशींत 100. यांची अंडी फळली तरी संतती बहुधा वांझ निघते. परंतु रोहू व कटला, किंवा रोहू व आपल्या नद्यांतील काळसर कालबासू, यांच्यात हा आतला अडसर फारच दुबळा आहे. त्यांची संकरित संतती जननक्षम असते. नदीत त्यांस वेगळे ठेवते ते मुख्यतः विणीचे स्थळ, वेळ व जोडीदाराची निवड.

बीजकेंद्रात नेमका हाच बाहेरचा अडसर दूर होतो. 1957 साली हिरालाल चौधरी व अलिकुन्ही यांनी ओडिशातील अंगुल येथे पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची बंदिस्त पाण्यात वीण घडविली. त्यापूर्वी बीज नदीतून गोळा करावे लागे, तेव्हा ही विद्या उपकारकच होय. मात्र एकाच हौदात दोन जातींस एकाच वेळी टोचले, की अंडी व शुक्रद्रव्य पाण्यात मिसळतात.

रोहू-कटल्याची पहिली पिढी वाईट नसते. नुकसान होते ते तीच पुढे पैदाशीस ठेवल्याने. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगल तळाशी खातो, या हिशोबानेच शेतकरी तिन्ही जाती एकत्र सोडतो. मिश्र बीजाने तो हिशोब फसतो, आणि दोष खाद्यास दिला जातो.

नदीतील वंशाची हानी तर भरून निघणे कठीण. थायलंडमध्ये आफ्रिकी मांगूर व तेथील मांगूर यांचा संकर व्यापारासाठी पाळला गेला. पुढे आफ्रिकी वंशाचे अंश नैसर्गिक मांगुरांतही आढळले. भारतात आफ्रिकी मांगुराच्या पालनास बंदी आहे.

पावसाळ्यापूर्वी शेततळ्याच्या सांडव्यास बारीक जाळी बसवावी. सीनेकाठचे उरलेले बीज तेरणेत सोडू नये. बीज घेताना नर-मादी जातवार वेगळ्या हौदांत ठेवले होते काय, हे विचारून घ्यावे. जिऱ्याच्या अवस्थेत भेसळ डोळ्यांस दिसत नाही. बोटुकलीत कटल्याचे मोठे डोके व वर वळलेले तोंड ओळखता येते. यास्तव दर थोडा अधिक पडला तरी बोटुकलीच घेणे बरे.