वऱ्हाडचा कापूस, साम्राज्याचे कर्ज आणि युद्ध

कापसाच्या बाजारात चार घटका उभे राहिले, की एक वाक्य केव्हा ना केव्हा कानावर पडते. जगात कोठे लढाई पेटल्याची बातमी आली, की कोणीतरी म्हणतो, 'आता भाव चढेल.' बोलणारा मनुष्य दुष्ट नसतो. त्याच्या घरात कापूस भरून ठेवलेला असतो, कर्जाचा हप्ता तोंडावर आलेला असतो, मुलीचे लग्न ठरलेले असते. परंतु दूरदेशी माणसे मरू लागली म्हणजे आपल्या घरी चार पैसे येतील, अशी आशा एका सरळमार्गी शेतकऱ्याच्या मनात उत्पन्न व्हावी, हा प्रकार साधा नाही. ही आशा त्याच्या मनात कोणी रुजविली?

साम्राज्ये का वाढतात, ती का खचतात आणि खचताना युद्धे का ओढवून घेतात, याविषयी डाव्या विचारवंतांनी गेल्या शतकाच्या आरंभापासून एक उपपत्ती मांडली आहे. ती परक्या पुस्तकांतून पाठ करण्याऐवजी आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या आणि एकंदर वऱ्हाडच्या इतिहासावर घासून पाहावी, असे आम्हांला वाटते. सोने खरे की खोटे हे कसोटीचा दगड सांगतो; आणि वऱ्हाडची काळी माती हा या बाबतीत उत्तम कसोटीचा दगड आहे.

गहाण पडलेला प्रांत

वऱ्हाड इंग्रजांनी लढाई करून जिंकला नाही. तो गहाण म्हणून त्यांच्या हाती गेला. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज ठेवलेली होती. फौज इंग्रजांची, खर्च मात्र निजामाचा. हा खर्च थकत गेला, थकबाकीचे कर्ज झाले, आणि १८५३ साली डलहौसीच्या कारकिर्दीत त्या कर्जापोटी व फौजेच्या पुढील खर्चासाठी वऱ्हाडचा कारभार कंपनीने आपल्याकडे घेतला. पुढे १८६० च्या तहात सुमारे पन्नास लाखांचे कर्ज इंग्रजांनी माफ केले. पण वऱ्हाड मात्र परत केले नाही. सालारजंगाने ते परत मागून पाहिले, त्याचा उपयोग झाला नाही. १९०२ साली कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपये देण्याचे ठरवून हा प्रांत निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतला. कर्ज माफ होते आणि गहाण जमीन मात्र सावकाराकडेच राहते, हा व्यवहार आपल्या खेड्यांतील माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

गहाण सोडावयाचे नाही इतका मोह वऱ्हाडचा का पडला? त्याचे उत्तर पऱ्हाटीच्या बोंडात आहे. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, आणि कापूस येईनासा झाला. गिरण्या बंद पडल्या, मजूर उपाशी राहू लागले. तेव्हा साऱ्यांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत कापसाचा भाव पाहता पाहता कित्येक पटींनी चढला. प्रेमचंद रायचंदांच्या काळातील शेअरबाजाराचे वेड याच पैशातून उत्पन्न झाले. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, भाव कोसळला आणि मुंबईतील पेढ्या व कंपन्या धडाधड बुडाल्या. शहरातील सट्टेवाल्यांच्या बुडण्याची कथा सर्वांना ठाऊक असते. ज्याने चढत्या भावाच्या भरवशावर सावकाराकडून उचल केली त्या कुणब्याचे काय झाले, हे फार थोडे लोक विचारतात. पुणे व नगर जिल्ह्यांत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, त्या उठावाची एक मुळी या भाव कोसळण्यात होती.

रेल्वे, तार आणि कालवा

भाव उतरला, पण व्यवस्था राहिली. मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी जिल्ह्याच्या उत्तर भागातून जाऊन १८६७ साली नागपुरास पोचली. मध्य प्रांत व वऱ्हाड यांसाठी रिव्हेट-कार्नाक नावाचा एक खास कापूस-कमिशनर नेमण्यात आला. जलंबपासून खामगावपर्यंतचा आठ मैलांचा फाटा १८७० साली सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एवढ्या आखूड फाट्यासाठी एवढा मोठा मनुष्य का यावा? खामगावची कापूसपेठ तेव्हा देशातील मोठ्यांतल्या मोठ्या पेठांत मोडत होती, हे त्याचे कारण.

येथे तीन तारखा एकत्र ठेवून पाहाव्यात. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला. १८७० साली मुंबई व लंडन समुद्राखालच्या तारेने जोडली गेली. आणि त्याच १८७० साली खामगावला आगगाडी आली. गाठ बांधण्यास कारखाना, गाठ नेण्यास रेल्वे व कालवा, आणि भाव सांगण्यास तार. अशी साखळी पुरी झाली. वऱ्हाडच्या कापसाला परदेशच्या बाजारात उमरावतीवरून 'ऊमरा' हे नाव पडले होते. ज्याने तो वेचला त्याला हे नावही ठाऊक नसे. पण त्याचा भाव लिव्हरपूलच्या भावाशी बांधला गेला होता.

रेल्वेने काहीच भले केले नाही असे आम्ही म्हणत नाही. मार्क्सने १८५३ सालीच, म्हणजे वऱ्हाड गहाण पडले त्याच वर्षी, अमेरिकेतील एका वृत्तपत्रात लिहिले होते, की गिरणीमालक हिंदुस्थानात रेल्वे घालणार ते स्वस्तात कापूस नेण्यासाठी. पण एकदा रेल्वे आली म्हणजे तिच्या मागोमाग या देशात नवे उद्योगही आल्यावाचून राहणार नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या, पहिली आधी आणि दुसरी फार सावकाश. मध्यंतरी १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडने भोगला. कापसाच्या गाठी नेणारी रेल्वे दाराशी असूनही माणसे अन्नावाचून मेली, कारण रेल्वे धान्य आणू शकते, धान्य घेण्यास लागणारा पैसा ती आणू शकत नाही.

डाव्यांची उपपत्ती

आता उपपत्तीकडे वळू. दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानची संपत्ती विलायतेस कशी वाहून जाते, याचा हिशेब मांडला. ते समाजवादी नव्हते. पण साम्राज्याकडे खातेवही म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांनीच आपणांस दिली. १९०२ मध्ये हॉब्सन या उदारमतवादी इंग्रजाने लिहिले, की स्वदेशात मजुरांच्या हाती खरेदीची शक्ती नसते, म्हणून भांडवलवाल्यांचा शिल्लक पैसा परदेशात जागा शोधतो आणि त्याच्या रक्षणासाठी आरमार पाठवावे लागते. रोझा लक्झेंबर्ग या विदुषीने १९१३ साली दाखविले, की भांडवलशाहीला आपल्या बाहेरचा, जुन्या पद्धतीने जगणारा मुलूख सतत लागतो. तिने दिलेल्या उदाहरणांत इजिप्त आहे. अमेरिकन युद्धात इजिप्तमध्येही कापसाची लाट आली, खेदिवाने कालव्यासाठी व कामांसाठी अफाट कर्जे काढली, १८७५ साली कालव्यातील त्याचे भाग सुमारे चाळीस लाख पौंडांस इंग्रज सरकारने घेतले, आणि १८८२ साली इंग्रजी फौज त्या देशात उतरली. कापूस, कर्ज, कब्जा. वऱ्हाडात कर्ज आधी आणि कापूस मागून, एवढाच फरक.

लेनिनने १९१६ साली या सर्वांतून आपला निष्कर्ष काढला. जग वाटून संपले आहे. मक्तेदार भांडवलाला आता वाढावयाचे तर दुसऱ्याच्या वाट्यातून घ्यावे लागेल. म्हणून साम्राज्यशाहीच्या युगात युद्ध हा अपघात नाही, तो व्यापाराचाच पुढचा टप्पा आहे. कौट्स्कीचे मत वेगळे होते. मोठे भांडवलदार देश आपसांत समेट करून जगाला मिळून पिळतील, असेही घडू शकेल, असे त्याने १९१४ साली सुचविले. हा वाद लक्षात ठेवावा; पुढे त्याचे काम पडेल.

वऱ्हाडच्या बाजाराने लेनिनची साक्ष दोनदा दिली. आपला आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरपेक्षा जपान व युरोपखंडातील गिरण्या अधिक घेत. १९१४ साली जर्मनी व ऑस्ट्रिया शत्रू ठरले, गिऱ्हाईक गेले आणि भाव पडला. युद्धाच्या अखेरीस कापड मात्र इतके महागले, की कापूस पिकविणाऱ्याला धोतरजोडी घेणे कठीण झाले. १९४१ साली जपानशी व्यापार थांबला आणि आखूड धाग्याच्या कापसास पुन्हा वाली उरला नाही. 'लढाई लागली की भाव चढतो' हा समज, पाहा, अर्धाच खरा आहे. लढाई कोठे लागते आणि कोणाचे गिऱ्हाईक तुटते, यावर सारे अवलंबून असते. आणि हे ठरविण्यास शेतकऱ्याला कोणी विचारीत नाही.

सावकार कर्जदार होतो तेव्हा

दुसऱ्या महायुद्धाने खातेवहीचे पान उलटविले. युद्धाचा माल व खर्च हिंदुस्थानातून उभा करून इंग्लंडने त्याची नोंद लंडनमध्ये आपल्या नावे केली. युद्ध संपले तेव्हा इंग्लंड हिंदुस्थानचे सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत होते. वऱ्हाड गहाण ठेवून घेणारा सावकार आता आपल्याच कुळाचा ऋणको झाला. ही रक्कम आपण सुखाने उसनी दिली नव्हती; १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या वर्षांत ती साचत गेली, हे विसरता येत नाही.

पैसा गेला तरी दिमाख लगेच जात नाही. याचे उदाहरण पुन्हा त्या कालव्यावरच घडले. २६ जुलै १९५६ रोजी नासरने सुएझ कालव्याच्या कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. ऑक्टोबरच्या अखेरीस इस्राएल, इंग्लंड व फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला. पण पौंड घसरू लागला, आणि युद्ध थांबविल्याशिवाय अमेरिका मदत करीना. ६ नोव्हेंबरला युद्ध थांबवावे लागले, डिसेंबरात फौजा परतल्या, आणि पंतप्रधान ईडन यांना पद सोडावे लागले. १८५३ साली कर्जाच्या जोरावर जे साम्राज्य वऱ्हाडात शिरले, ते १९५६ साली कर्जाच्याच भीतीने सुएझमधून बाहेर पडले. आमच्या मते या विषयातील सर्वांत धोक्याचा काळ हाच: सत्ता ओसरलेली असते, पण सवय ओसरलेली नसते. चढत्या साम्राज्याला नफ्यासाठी लढावेसे वाटते. उतरत्या साम्राज्याला तोटा सोसूनही लढावेसे वाटते.

उपपत्ती कोठे अपुरी पडते

येथेच डाव्यांच्या उपपत्तीला प्रश्न विचारावा लागतो. पोर्तुगाल हा युरोपातील एक गरीब देश. त्याच्याजवळ जगाला कर्ज देण्याइतके भांडवल नव्हते. तरी गोवा सोडण्यास तो तयार झाला नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर त्याने गोळ्या चालविल्या, आणि डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गेल्यावरच गोवा मुक्त झाला. त्यानंतरही आफ्रिकेत तो १९७४ पर्यंत लढत राहिला, आणि शेवटी त्याच्याच थकलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी लिस्बनमधील राजवट उलथविली. सर्वांत दुबळे साम्राज्य सर्वांत अधिक काळ लढले. याचा उलगडा केवळ नफ्याने होत नाही. प्रतिष्ठा, जुन्या वैभवाची नशा आणि घरच्या प्रजेला गप्प ठेवण्याची गरज, यांनाही हिशेबात जागा द्यावी लागते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ज्या आठवड्यात इंग्रज सुएझवर बाँब टाकीत होते, त्याच आठवड्यात, ४ नोव्हेंबर १९५६ रोजी, सोव्हिएट रणगाडे बुडापेस्ट शहरात शिरले. सुएझचा निषेध करणाऱ्यांपैकी पुष्कळांचा आवाज हंगेरीच्या बाबतीत बसला. जयप्रकाशांसारख्या थोड्यांनी दोन्हींना एकच माप लावले. पुढे १९६९ मध्ये रशिया व चीन सरहद्दीवर झगडले, १९७९ मध्ये चीनने व्हिएटनामवर स्वारी केली. मालक बदलला म्हणून साम्राज्याची वृत्ती आपोआप बदलत नाही. उलट १९४५ नंतर मोठे भांडवलदार देश एकमेकांशी लढले नाहीत. या मर्यादेत कौट्स्की लेनिनपेक्षा जवळ आला. तो समेट कायमचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. १९१४ पूर्वीही व्यापार इतका वाढला आहे की युद्ध परवडणार नाही, असे शहाणी माणसे म्हणत होती.

मग या उपपत्तीतून काय घ्यावे? ती भविष्य सांगत नाही. पण कोणता प्रश्न विचारावा हे शिकविते. युद्धाची घोषणा कानी आली, की कर्ज कोणाचे, माल कोणाचा, आणि मरणार कोण, हे तीन प्रश्न विचारावेत. आणि चौथा, डाव्यांनाही टोचणारा, की हेच प्रश्न आपल्या आवडत्या पक्षालाही आपण विचारले काय?

वऱ्हाडला हे प्रश्न जुने झालेले नाहीत. २०२२ च्या आरंभी कापसाने क्विंटलला दहा हजारांवर मजल मारली, आणि त्याच वर्षी युक्रेनमधील युद्धाने खतांचा बाजारही पेटविला; पुढल्या हंगामांत भाव उतरला. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत जकात बसविली, आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारने कापसावरील अकरा टक्के आयात-शुल्क काही महिन्यांसाठी उठविले. वॉशिंग्टनमधील निर्णयाचा धक्का खामगावच्या बाजारास लागावयाला आता तारेचीही गरज उरलेली नाही.

म्हणून पुन्हा त्या बाजारातील वाक्याकडे येतो. 'लढाई लागली, आता भाव चढेल' असे जो म्हणतो त्याला आम्ही दोष देत नाही. दोष त्या व्यवस्थेचा, की जिने त्याच्या कष्टाची किंमत दुसऱ्याच्या मरणाशी बांधली. ती गाठ सोडविणे एका व्याख्यानाचे किंवा एका लेखाचे काम नाही. परंतु ती गाठ देवाने घातलेली नाही; १८५३, १८६१, १८७० अशा तारखांना माणसांनी ती घातली. माणसांनी घातलेली गाठ माणसांना सोडविता येते, एवढे जरी ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.