हवाई छत्री उघडताना बसणारा धक्का

हवाई छत्रीच्या साहाय्याने विमानातून उडी घेणाऱ्या मनुष्याला इजा होते ती जमिनीवर पाय टेकताना, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती निराधार नाही. घोटे, गुडघे आणि पाठीचा कणा यांना होणाऱ्या पुष्कळशा दुखापती उतरतानाच होतात. परंतु जमीन अद्याप बरीच खाली असताना, उडीच्या मध्यावर, आणखी एक कठीण क्षण येतो. पाठीवर घडी घालून ठेवलेली छत्री हवेने भरून फुगते, वेगाने पडणारे शरीर एकाएकी मागे खेचले जाते, आणि प्राण वाचविणारी वस्तूच क्षणभर शरीरावर आघात करते. याला उघडण्याचा धक्का असे म्हणतात. बहुतेक वेळा तो सौम्य असतो. क्वचित तो इतका तीव्र असतो की, मान अनेक आठवडे धरून राहते, हाताला बधिरता येते, किंवा मणक्याला इजा पोहोचते. हा धक्का कशामुळे बसतो, तो कमी कसा करता येतो, आणि इजा झाल्यास नवशिक्याने पुन्हा उडी घेण्याची घाई का करू नये, हे येथे पाहावयाचे आहे.

उडीचे तीन प्रकार

कलकत्त्याच्या ईशान्येस, राजारहाटच्या सखल भूमीवर, न्यू टाउन हे आखीव नगर विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वसत गेले. दमदमचा विमानतळ तेथून जवळच आहे. या परिसराच्या आकाशाशी हवाई छत्रीचे नाते मात्र नगरापेक्षा पुष्कळ जुने आहे, आणि उडीचे प्रकार समजून घेण्यास ते उपयोगी पडते.

१८९० साली कलकत्त्याचे कसरतपटू रामचंद्र चटर्जी यांनी फुग्यातून वर जाऊन हवाई छत्रीने उडी घेतली. असे धाडस करणारे ते पहिले भारतीय मानले जातात. त्या काळी छत्री फुग्याला लोंबती बांधलेली असे. दोर तुटून ती सुटली म्हणजे पडण्याचा वेग वाढण्यापूर्वीच तिच्यात हवा भरू लागे. अशा उडीत भय होते ते वाऱ्याचे आणि उतरण्याच्या जागेचे. उघडण्याच्या धक्क्याचे भय त्या मानाने थोडे.

दुसरा प्रकार सैनिकी उडीचा. ११ डिसेंबर १९७१ रोजी पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, जी मराठा पलटण म्हणून ओळखली जाते, दमदम व कलाईकुंडा येथून निघाली आणि आजच्या बांगलादेशातील टांगाईलजवळ आकाशातून उतरली. अशा उडीत सैनिकाची छत्री विमानाला अडकविलेल्या दोरीने आपोआप ओढली जाते. उडी घेतल्यावर काही क्षणांतच ती उघडते, म्हणून पडण्याचा वेग फारसा वाढत नाही. विमानाने दिलेला वेग तेवढा शरीरास असतो. विमानाची गती त्या वेळी मुद्दाम मंद ठेवतात, त्याचे हे एक कारण होय.

तिसरा प्रकार हौशी उडी घेणाऱ्यांचा. त्यात मनुष्य प्रथम मोकळा पडतो आणि नंतर स्वतःच्या हाताने छत्री उघडतो. हाताने छत्री उघडण्याची अशी उडी अमेरिकेत लेस्ली अर्विन यांनी २८ एप्रिल १९१९ रोजी यशस्वी करून दाखविली. मोकळे पडत असता मनुष्य शुद्धीवर राहू शकत नाही, हा तोवरचा समज त्यामुळे मोडला. पुढील विवेचन मुख्यतः या तिसऱ्या प्रकारासंबंधी आहे, कारण वेग येथेच सर्वाधिक असतो.

वेग, वेळ आणि भार

मोकळा पडणारा मनुष्य सतत अधिकाधिक वेगाने पडत राहत नाही. वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढतो आणि दहा-बारा सेकंदांत तो शरीराच्या वजनाइतका होतो. यानंतर वेग स्थिर राहतो. पोट खाली व हातपाय पसरलेले अशा स्थितीत हा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५३ मीटर असतो. छत्री पुरती उघडल्यावर खाली येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ६ मीटर उरतो. म्हणजे मधल्या अवधीत सेकंदाला ४७ मीटर इतका वेग शरीराने गमावला पाहिजे.

तो किती वेळात गमावला जातो, यावर सारे अवलंबून आहे. न्यू टाउनमधील विश्व बांगला सरणीसारख्या प्रशस्त रस्त्यावरून ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार तीन सेकंदांत थांबविली, तर आतील प्रवासी पुढे ढकलला जातो. त्या वेळी त्याच्यावर येणारे बल त्याच्या वजनाच्या निम्म्याहून थोडे अधिक असते. हवाई छत्री चार सेकंदांत सावकाश उघडली, तर शरीराला आपल्या वजनाच्या सरासरी सव्वादोन पट भार जाणवतो. एका सेकंदात उघडली तर हा भार जवळजवळ सहापट होतो, आणि अर्ध्या सेकंदात उघडली तर दहापटीच्याही पुढे जातो. हे झाले सरासरीचे आकडे. प्रत्यक्षात भार एकसारखा राहत नाही, आणि त्याचा शिखरबिंदू सरासरीपेक्षा वरच असतो. चांगल्या उघडण्यात तो सामान्यतः वजनाच्या तीन ते पाच पट असतो.

आता मानेचा विचार करा. मनुष्याचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. त्यावर शिरस्त्राण असते, आणि कित्येक जण त्यावर छायाचित्रणाचे यंत्रही बसवितात. दहापट भाराच्या क्षणी हे डोके मानेला ५० किलोचे वाटते. म्हणजे सिमेंटचे एक भरलेले पोतेच क्षणभर मानेवर लोंबकळते. धड पट्ट्यांनी आवळलेले असते, त्यामुळे छत्रीचा ओढा मांड्या व खांदे यांवर वाटला जातो. डोक्याला मात्र कसलाही पट्टा नसतो. धड थांबते, डोके आपल्या जडत्वाने पुढे जाते, आणि मान चाबकासारखी हिसडली जाते.

आधार दिलेले शरीर किती सोसू शकते, हे अमेरिकन वैद्य जॉन पॉल स्टॅप यांनी स्वतःवरील प्रयोगाने दाखविले. १० डिसेंबर १९५४ रोजी ते रॉकेटने ढकललेल्या एका गाड्यावर ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेगाने गेले आणि सुमारे दीड सेकंदात थांबले. त्यांच्यावर गुरुत्वाच्या ४६ पट भार आला. डोळ्यांत रक्तस्राव होऊन त्यांची दृष्टी काही काळ गेली, परंतु ते वाचले व पूर्ववत पाहू लागले. पट्ट्यांनी सर्व अंग नीट आवळलेले होते, म्हणूनच हे शक्य झाले. भार किती, याबरोबरच तो कोणत्या दिशेने आला आणि शरीराचा कोणता भाग निराधार होता, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

एका शस्त्रवैद्याची पहिली उडी

उघडण्याच्या धक्क्याचे एक प्रसिद्ध उदाहरण नवशिक्याचेच आहे. दुसऱ्या महायुद्धात विमाने इतकी उंच उडू लागली की, तेथून उडी घ्यावी लागल्यास वैमानिक प्राणवायूवाचून वाचेल काय, हा प्रश्न निकडीचा झाला. विल्यम रँडॉल्फ लव्हलेस हे अमेरिकन शस्त्रवैद्य अशा उडीसाठी प्राणवायूच्या साधनांवर काम करीत होते. ते साधन त्यांनी स्वतःवरच पारखावयाचे ठरविले. त्यांनी यापूर्वी एकही उडी घेतलेली नव्हती.

२४ जून १९४३ रोजी, वॉशिंग्टन राज्यावर, १२ किलोमीटरहून अधिक उंचीवर उडणाऱ्या बॉम्बफेकी विमानातून त्यांनी उडी घेतली. छत्री दोरीने लगेच उघडली. धक्का इतका जबर होता की ते बेशुद्ध झाले आणि डाव्या हाताचे मोजे निसटून गेले. सुमारे २४ मिनिटे ते छत्रीला लोंबकळत खाली येत होते, आणि उघडा हात भयंकर थंडीत गोठत होता. प्राणवायूच्या साधनाने मात्र आपले काम केले. लव्हलेस जिवंत खाली आले. हाताला हिमदाह झाला होता.

धक्का एवढा का बसला? त्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या सुमारे एक चतुर्थांश इतकीच दाट असते. एवढ्या विरळ हवेत तरंगण्यासाठी विमानाला खाली लागतो त्याच्या दुप्पट वेगाने जावे लागते, आणि बाहेर पडणाऱ्या शरीरालाही तोच वेग मिळतो. शिवाय छत्री भरण्यास ठरावीक वेळ लागत नाही. ती जवळजवळ ठरावीक अंतर पुढे जाताना भरते. वेग दुप्पट झाला म्हणजे तेच अंतर निम्म्या वेळात कापले जाते. गमावावयाचा वेग दुप्पट आणि वेळ निम्मा, म्हणून धक्का चौपट. यातून मिळणारा नियम आज सर्वमान्य आहे: फार उंचावरून उडी घेणाऱ्याने दाट हवेत येईपर्यंत मोकळे पडावे आणि मगच छत्री उघडावी. लव्हलेस पुढे १९५९ साली अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांच्या वैद्यकीय परीक्षांमुळे विख्यात झाले.

धक्का सौम्य करण्याचे उपाय

आजची चौकोनी छत्री कापडाच्या अनेक कप्प्यांची बनलेली असते. हे कप्पे समोरून उघडे असल्याने ती फार झपाट्याने भरू शकते. तिला रोखण्यासाठी दोऱ्यांवर कापडाचा एक लहान चौकोनी तुकडा बसवितात. त्याच्या चार कोपऱ्यांवरील कड्यांतून दोऱ्या ओवलेल्या असतात. छत्री उघडू लागते तेव्हा हा तुकडा वर, कापडाला लागून असतो व दोऱ्यांना एकत्र धरून ठेवतो. छत्री रुंदावत जाते तसतसा तो हवेच्या विरोधाशी झगडत हळूहळू खाली सरकतो. एवढ्याशा कापडामुळे उघडण्याला तीन-चार सेकंद मिळतात. घडी घालताना तो योग्य जागी नसला, किंवा दोऱ्या सैल बांधल्याने वेळेपूर्वी सुटल्या, तर हे सेकंद हिरावले जातात. छत्रीची घडी निगुतीने घालणे हे मानेच्या रक्षणाचे पहिले साधन आहे, ते यामुळे.

दुसरे साधन शरीराची ठेवण. डोके खाली करून पडणाऱ्याचा वेग पोटावर पडणाऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक असतो. म्हणून छत्री उघडण्यापूर्वी सपाट होऊन वेग कमी होऊ द्यावा. खांदे समतल ठेवावेत, म्हणजे ओढा दोन्ही बाजूंस सारखा पडतो. छत्री उघडत असताना मान वळवून किंवा वाकवून वर पाहण्याचा मोह नवशिक्यास होतो. वळलेली मान सरळ मानेपेक्षा सहज दुखावते. पट्टे अंगाच्या मापाचे व आवळलेले असावेत. सैल पट्टा प्रथम मोकळा सरकतो आणि मग एकदम हिसका देतो.

इजा कशी ओळखावी

सर्वांत सामान्य दुखापत म्हणजे मानेचे स्नायू व स्नायुबंध ताणले जाणे. उतरताच दुखेल असे नाही. पुष्कळदा वेदना व ताठरपणा दुसऱ्या दिवशी जाणवू लागतो. मांड्यांवर व खांद्यांवर पट्ट्यांचे काळेनिळे वळ उठतात; ते दिसण्यास भयंकर असले तरी बहुधा आपोआप जातात.

काही लक्षणे मात्र थांबून पाहण्यासारखी नसतात. मणक्याच्या मध्यरेषेवर तीव्र वेदना. हातात किंवा पायात बधिरता, मुंग्या किंवा अशक्तपणा. मूत्रावरील ताबा जाणे. बेशुद्धी, वांत्या किंवा गोंधळलेपणा. यांपैकी काहीही असल्यास मान न हलविता रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. मानेतील रक्तवाहिनीचे आतील अस्तर हिसक्याने फाटू शकते. त्याची चिन्हे काही दिवसांनीही प्रकट होतात: एका बाजूचे पूर्वी कधी नसलेले डोके किंवा मान दुखणे, पापणी लोंबणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे. उडी होऊन आठवडा लोटला असला तरी वैद्याला तिची माहिती अवश्य सांगावी.

बरे होण्यास लागणारा काळ

हाड मोडलेले नाही व मज्जातंतू सुरक्षित आहेत, अशी खात्री झाल्यावर दीर्घ काळ मानेस पट्टा बांधून पडून राहणे हितकर नसते. न वापरलेले स्नायू दुबळे होतात व सांधा आखडतो. पहिल्या दिवसांतील तीव्र वेदना ओसरू लागताच, वैद्याच्या सल्ल्याने, मान सावकाश सर्व बाजूंस फिरवावी. नंतर तळहाताचा विरोध देऊन डोके स्थिर धरण्याचा व्यायाम करावा. साध्या ताणाच्या दुखापती बहुधा काही आठवड्यांत बऱ्या होतात.

मज्जातंतूंची गोष्ट निराळी. मानेतून निघून खांद्याखालून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे हिसक्याने ताणले जाऊ शकते. केवळ ताण असेल तर संवेदना काही दिवसांत किंवा आठवड्यांत परत येते. तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतो. खांद्यापासून बोटांपर्यंत सुमारे ७० सेंटिमीटर अंतर धरले, तर त्यास जवळजवळ दोन वर्षे लागतात, आणि तरीही पूर्वीचे बळ सर्वस्वी परत येईलच असे नाही.

पुन्हा उडी केव्हा घ्यावी, हा प्रश्न नवशिक्यास सर्वाधिक छळतो. वेदना थांबली एवढे पुरेसे नाही. छत्रीखाली तरंगताना इतरांशी टक्कर टाळण्यासाठी मान दोन्ही बाजूंस पूर्णपणे व विनावेदना वळली पाहिजे. उतरताना वेग मोडण्यासाठी दोन्ही हातांनी दोऱ्या सारख्या बळाने खाली ओढता आल्या पाहिजेत. मुख्य छत्री बिघडली तर तिला सोडून राखीव छत्रीची मूठ त्या क्षणी खेचता आली पाहिजे. ज्याच्या हातात अद्याप बधिरता आहे, त्याने उडी घेणे म्हणजे केवळ वेदना पत्करणे नव्हे. प्राणरक्षणाचे शेवटचे साधन हातातून घालविणे होय. दुखणे लपवून शिक्षकाची संमती मिळविणारा स्वतःलाच फसवितो. शिवाय ज्या छत्रीने धक्का दिला, तिची घडी, दोऱ्या व सरकता तुकडा जाणत्याकडून तपासून घेतल्याखेरीज ती पुन्हा पाठीवर घेऊ नये.

या खेळाची हौस आपल्याकडेही वाढत आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली आपली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर घेतली, आणि तेव्हापासून कित्येक मराठी तरुण-तरुणींचे लक्ष आकाशाकडे लागले आहे. त्यांनी या विषयातील साधे गणित ध्यानी ठेवावे. छत्रीला उघडण्यास तीन-चार सेकंद मिळाले तर शरीर सुरक्षित राहते. दुखावलेल्या मानेला काही आठवडे मिळाले तर ती पुन्हा पूर्वीसारखी वळते. या दोन्ही ठिकाणी वाचविलेला वेळ महाग पडतो.